भिंतीकडचे दहा फूट

१८ नोव्हेंबर, मंगळवार

उड्डाणाची वही वेगळी आहे. तिच्यात वारा किती होता, बॅटरी किती उरली, टाकीत औषध किती घातलं एवढंच लिहायचं असतं, आणि दर महिन्याला ती ट्रेनिंगवाल्यांना दाखवावी लागते. ही वही कोणालाच दाखवायची नाही. त्या वहीत जे लिहिलं तर मला कामावरून काढतील, ते सगळं इथे.

आज मुंबईहून अक्षदा मॅडमचा फोन आला. किरणोत्सारावर लक्ष ठेवणारं सरकारी खातं आहे, त्यात त्या शास्त्रज्ञ आहेत. त्यांनी विचारलं, तुमच्या बचत गटाचा फवारणीचा ड्रोन वजन किती उचलतो आणि किती हळू उडतो? मी म्हटलं, दहा लिटर औषध उचलतो आणि माणूस चालतो त्याहून हळू उडतो. सरळ पट्टा मारत जायचं, वळायचं, शेजारचा पट्टा मारत यायचं. त्या म्हणाल्या, मला नेमकं हेच हवंय.

प्रकरण असं आहे. अंबरनाथ एमआयडीसीत एक बंद पडलेली केमिकल कंपनी तोडायला काढली आहे. टाकीत माल कुठवर भरलाय ते बाहेरून कळावं म्हणून तिथे आत शिसं भरलेले दोन जड लोखंडी डबे बसवलेले होते. प्रत्येक डब्यात करंगळीच्या टोकाएवढी स्टीलची गोळी, आणि गोळीत सीझियम. त्यातून जी किरणं निघतात ती दिसत नाहीत, त्यांना वास नाही, पण गोळी जवळ बाळगली तर माणूस भाजून निघतो. सरकारी कागदावर डबे दोन, आणि हातात आला एकच. खात्याची माणसं यंत्र घेऊन चालून आली, पण शेड अर्धवट तोडलेल्या, पत्रे लोंबतायत, खड्डे उघडे, सगळीकडे चालता येत नाही. त्यांच्या छोट्या ड्रोनला त्यांचं यंत्र उचलत नाही. आमचा उचलेल.

मॅडमचं बोलणं पुरं व्हायच्या आत मी हो म्हटलं. मग गटाला विचारलं. अध्यक्ष कौसाबाईंनी एवढंच विचारलं की त्या किरणांनी आपला ड्रोन नासला तर भेंडीवर फवारा काय हाताने मारायचा का. मॅडमनी नासणार नाही असं लिहून दिलं.

जेवताना नवऱ्याला, महेंद्रला, सांगितलं. महेंद्र राजू नावाच्या ठेकेदाराकडे गॅसकटर आहे, जिथे कारखाना तुटतो तिथे लोखंड कापायला जातो. म्हटलं, ती कंपनी तुमच्या राजूनेच तोडली ना? तो म्हणाला, "हो, पण मी तेव्हा शहाडच्या कामावर होतो." म्हटलं, नशीब. तो डबा ज्या कुणी शहाण्याने फोडला असेल त्याला गेटला बांधून ठेवला पाहिजे. महेंद्र अर्धी भाकरी टाकून उठला. आई, म्हणजे सासूबाई, म्हणाल्या, आमटी खारट झालीय. झाली होती खरी.

२० नोव्हेंबर, गुरुवार

आज उडवला. टाकी काढून तिच्या जागी मॅडमचं यंत्र टांगलं, थर्मासएवढं आहे. ड्रोन जिथून जाईल तिथल्या किरणांचा आकडा मॅडमच्या लॅपटॉपवर जातो आणि जागेला रंग चढतो. निळा म्हणजे नेहमीचं. माती, विटा, दगड सगळ्यांतून थोडी किरणं निघतच असतात, ते मला आजच कळलं. पिवळा म्हणजे सावध, लाल म्हणजे तिथेच आहे.

मी कंपनीच्या चारी कोपऱ्यांवर खुणा घेतल्या, शेताच्या घेते तशा, आणि ॲपला सांगितलं की हे शेत समज. बेचाळीस पट्टे. एकही वाकडा नाही. दोन वेळा बॅटरी बदलली. खात्याचे दोन साहेब बघत होते, त्यातला एक दुसऱ्याला म्हणाला की या बाई आधी काय करत होत्या. मी ऐकलं. अंबरनाथला काडेपेटीसारख्या खोलीत ब्लाऊज शिवत होते, साहेब. सरळ शिलाई मारता येते म्हणून सरळ पट्टा मारता येतो.

कंपनीचा मॅनेजर भगवान ठोसर खुर्ची टाकून बसला होता. त्याला फक्त एक गोष्ट कळायची होती, संध्याकाळपर्यंत संपेल का. ही जागा कोणीतरी विकत घेतोय.

नकाशा सगळा निळा आला. एका कोपऱ्यात थोडं फिकट पिवळं दिसलं तर तिथे जुन्या भट्टीच्या विटा निघाल्या.

घरी आल्यावर महेंद्रला नकाशाचा फोटो दाखवला. त्याने तो दोन बोटांनी मोठा करून करून बघितला आणि विचारलं, "भिंतीच्या कडेला घेतलंस का?" म्हटलं, सगळीकडे घेतलं. "नळाकडच्या भिंतीला पण?" मी म्हटलं, तू लोखंड काप, हवेतलं माझ्यावर सोड. आई आतून म्हणाल्या, नवऱ्याला अरेतुरे करते वर ऐकवते पण. शाळेत एका बाकावर बसलेल्या माणसाला अहो म्हणायचं तरी कसं, हे मी त्यांना बारा वर्षं सांगतेय.

२२ नोव्हेंबर, शनिवार

ठोसरने पेढे वाटले. रिपोर्टवर सह्या झाल्या, आवारात काही नाही. नकाशाखाली माझं नाव छापलंय, ड्रोनचालक शीला रोकडे. त्याचा फोटो मी गटाच्या ग्रुपवर टाकला.

अक्षदा मॅडमनी पेढा घेतला आणि पर्समध्ये ठेवला. म्हणाल्या, "कागदावर दोन, हातात एक. मग दुसरा गेला कुठे?" आता सगळ्यांचं म्हणणं की डबा भंगारातून बाहेर गेला. उद्यापासून उल्हासनगर आणि शहाडच्या भंगारवाल्यांची गोदामं उघडणार.

महेंद्रने पुन्हा तेच विचारलं. नळाकडची भिंत. मी आता खरंच चिडले. सुखाने चार दिवस माझं कौतुक कर म्हटलं तर याच्या भिंती. पुरुषांना बाईने विमान उडवलेलं सहन होत नाही, फुग्याएवढं असलं तरी.

२७ नोव्हेंबर, गुरुवार

भंगारवाल्यांचे हाल चाललेत. शहाडला एका म्हाताऱ्याचं गोदाम तीन दिवस बंद ठेवलंय. आतला माल रस्त्यावर पसरलाय आणि शेजारचे लोक त्याच्या सुनेला नळावर येऊ देत नाहीत, म्हणतात तुम्हाला ते किरण लागलेत. मला त्या डबा चोरणाऱ्याचा असा राग येतोय.

महेंद्रला उजव्या मांडीवर भाजलंय. वर, खिशाच्या खाली, पुरीएवढं. आधी लाल होतं, आता फोड आलाय. गॅसकटरच्या ठिणग्या याला नेहमीच्याच, हातावर मोजायला जागा नाही इतक्या खुणा आहेत, म्हणून मी जास्त विचारलं नाही. मलम लावू का म्हटलं तर नको म्हणाला. कामाच्या चारही पँटी धुवायला काढल्या तर एकीलाही भोक नाही. या पँटी विकणाऱ्या उल्हासनगरच्या सिंधी दुकानदाराने शपथेवर सांगितलं होतं की कापड जळणार नाही, तेव्हा मी हसले होते. आज त्याचा नंबर कौसाबाईंना पण दिला.

१ डिसेंबर, सोमवार

आजचं लिहायलाच हवं.

सकाळी बारवीच्या रस्त्याला सुदामतात्यांच्या भेंडीवर फवारा मारायला गेले. मागच्या वेळचं त्यांनी दाखवलं. मध्ये सगळं साफ, आणि बांधाच्या कडेला चारी बाजूंनी मावा तसाच. तात्या म्हणाले, "तुजा भोवरा बांधाकरं का नाय येत? दहा फूट सोरतंस तू. किरा तिथंच बसतंय, त्याला पन कललंय."

म्हटलं, तात्या, सोडावंच लागतं. तुमचं औषध शेजारच्याच्या कोथिंबिरीवर गेलं तर तो भांडायला येईल. ॲपमध्ये तसंच लावून ठेवलंय, शेताची हद्द दिली की ते आपोआप दहा फूट आत धरतं आणि

आणि मी तिथेच बांधावर बसले.

कंपनीची हद्द मी शेत म्हणून दिली होती. दहा फूट सोडायचं बटण मी बंद केलंच नाही. दोन वर्षं ते चालूच आहे, माझ्या लक्षातही येत नाही. बेचाळीस पट्टे मारले आणि चारी भिंतींच्या कडेचा एक फूटही तपासला नाही. नकाशात कडा निळ्या दिसतात त्या शेजारच्या आकड्यावरून कॉम्प्युटरने भरलेल्या आहेत. त्या निळ्या रंगाखाली माझं नाव आहे.

तात्यांनी पाणी दिलं. भेंडीचं काम अर्धं टाकून आले. गेला आठवडाभर तो म्हातारा माझ्यामुळे रस्त्यावर बसलाय.

२ डिसेंबर, मंगळवार

मॅडमना फोन केला. पाठ करून ठेवलेलं सगळं एका दमात सांगितलं. मला वाटलं ओरडतील. त्या म्हणाल्या, "चूक माझीही आहे, मी कडा तपासायला हव्या होत्या. पण रिपोर्ट बंद झालाय. तो उघडायचा तर चालकाने लेखी द्यावं लागेल की पाहणी अपुरी होती. देता?"

गटाच्या बायका जमल्या. कौसाबाई म्हणाल्या, लिहून दिलंस तर ड्रोन परत घेतील, सगळीकडे होईल की बाईला जमलं नाही. मग पुन्हा कोण देणार बायकांच्या हातात यंत्र? बाकीच्याही तेच म्हणाल्या. चूक कोणाला कळली नाहीये ना, मग तू कशाला उकरतेस?

मी म्हटलं, कळली नाही म्हणूनच. ती गोळी उद्या कोणाच्या तरी हाताला लागली की कळेलच. पुरुष चुकतो तेव्हा कोणी असं म्हणतं का, की पुरुषांच्या हातात यंत्र देऊ नका? मी चुकले तर मी चुकले. माझ्या चुकीचा हिशेब सगळ्या बायकांच्या माथी का? तुम्हाला ड्रोन काढून घ्यायचा तर घ्या, मी परत शिलाई मशीनवर बसेन. पण निळा रंग मी तसा ठेवणार नाही.

कौसाबाई शेवटी म्हणाल्या, लिही, पण शुद्धलेखन नीट कर. सरकारात जाणार आहे.

लिहिलं आणि दिलं. दुपारी ठोसरचा फोन. "ताई, रिपोर्ट फायनल आहे. आता आवारात पाय ठेवायचा नाही. तुम्ही भेंडीवर फवारा मारा, ते तुम्हाला छान जमतं." मी म्हटलं, भेंडीवरच कळलं, साहेब.

३ डिसेंबर, बुधवार

महेंद्र दुपारीच लंगडत घरी आला. फोड फुटलाय. मी पाणी गरम केलं, त्याची मांडी बघितली आणि इतकं विचित्र भाजलेलं मी कधी पाहिलं नव्हतं. कडा गोल. ठिणगीने असं भाजत नाही. आणि पँटीला भोक नाही.

तेव्हा माझ्या डोक्यात एकेक सुरू झालं. खिशाखालची जागा. नळाकडची भिंत. दोन वेळा नळाकडची भिंत. नकाशात नळ कुठेच लिहिलेला नव्हता. जो तिथे गेला नाही त्याला नळ कसा माहीत?

मी विचारलं, "तू शहाडला नव्हतास ना?"

तो म्हणाला, "नव्हतो."

सगळं सांगितलं. राजूने सांगितलं, टाकीवरचा डबा काप, आत शिसं आहे. याने कापला. शिसं निघालं आणि त्यातून ती चकचकीत गोळी पडली. "छान दिसत होती गं. म्हटलं कशाची तरी बेअरिंग असेल, तुझ्या ड्रोनला लागली तर." ती त्याने खिशात टाकली. दिवसभर काम केलं. संध्याकाळी नळावर हातपाय धुताना खिशातली नटबोल्टं काढली, त्यात ती पण निघाली. एवढीशी गोळी ड्रोनला कुठे लागणार म्हणून कचऱ्याबरोबर भिंतीकडच्या गटारात टाकली. दहा दिवसांनी मी जेवताना सीझियमची गोष्ट सांगितली.

म्हटलं, मग बोलला का नाहीस? तो म्हणाला, "राजू बोलला, नाव निघालं तर आत जाशील. आणि तू गेटला बांधायचं म्हणालीस." मग म्हणाला, "मला वाटलं तू उडवशील तर सापडेलच. मला बोलायला लागणार नाय. तू कडेला घेतलंस म्हणालीस, मग मला वाटलं वाहून गेली असेल, बरं झालं."

मी त्याच्यावर ओरडले. इतकी ओरडले की आई मोरी सोडून बाहेर आल्या. मग मी रडले, आणि तो रडला, आणि आईंना काहीच कळत नव्हतं तरी त्या पण रडायला लागल्या. माझ्यासाठी आणत होता. मला याचं काय करू ते कळत नाही.

४ डिसेंबर, गुरुवार

सकाळी मीच मॅडमना फोन लावला आणि महेंद्रच्या हातात दिला. तो म्हणाला, "मॅडम, मी महेंद्र. डबा मी कापला." एवढं बोलायला त्याला पाच मिनिटं लागली.

दुपारी मुंबईच्या मोठ्या हॉस्पिटलात दाखल केलं. डॉक्टर म्हणाले की साधं भाजलंय म्हणून मलमपट्टी करत बसला असतात तर जखम आत आत गेली असती. आता काय आहे ते माहीत आहे, तेव्हा उपाय करता येईल. कातडी लावावी लागेल, वेळ जाईल. पाय राहील असं वाटतंय म्हणाले. वाटतंय हा शब्द मला आवडला नाही, पण तोच मिळाला. घरच्या सगळ्यांना यंत्राने तपासलं, आम्हाला काही नाही. गोळी फुटलेली नाही, नाहीतर महेंद्रच्या कपड्यांतून घरभर झालं असतं.

अक्षदा मॅडमनी सांगितलं की माझं लेखी आणि महेंद्रचं सांगणं एकत्र लावून त्यांनी आदेश काढून घेतला. शनिवारी गेट उघडणार. ठोसरला आता नाही म्हणता येणार नाही.

६ डिसेंबर, शनिवार

आई वस्तीतल्या लोकांबरोबर दादरला गेल्या, दरवर्षी जातात. मी या वेळी गेले नाही. म्हटलं, बाबासाहेबांना सांगा, सून कामावर आहे.

दहा फुटांचं बटण बंद केलं. मॅडमना दाखवलं, त्यांनी स्वतः बघितलं, मग मी पुन्हा बघितलं. फक्त भिंतींच्या कडा घ्यायच्या. भिंत आणि पात्यात हातभर अंतर. वाऱ्याचा एक धक्का आला तर ड्रोन भिंतीवर आपटेल आणि गटाला तोंड दाखवायला जागा राहणार नाही. कौसाबाई गेटबाहेर छत्री घेऊन उभ्या होत्या, मला बघायला नाही तर ड्रोनला, असं त्या म्हणाल्या.

पूर्वेची भिंत निळी. दक्षिणेची निळी. उत्तरेच्या भिंतीला नळ आहे, त्याच्याजवळ आले आणि मॅडम म्हणाल्या, "थांबा. तिथेच ठेवा." आकडा चढत गेला. ड्रोन एक हात पुढे सरकवला तर आकडा उतरला. मागे घेतला तर पुन्हा चढला. गटार कमरेइतकं खोल आहे, दोन्हीकडे दगडी बांधणी, त्यामुळे किरणं बाजूला जातच नव्हती, सरळ वर निघत होती. बरोबर डोक्यावर आल्याशिवाय कळणारच नव्हतं.

लॅपटॉपवर टिकलीएवढा लाल ठिपका आला. दोन साहेबांनी टाळ्या वाजवल्या. मला टाळ्या नको होत्या. मी ड्रोन उतरवला आणि पंखे थांबेपर्यंत उभी राहिले.

७ डिसेंबर, रविवार

लांब चिमट्याने गाळ उपसून गोळी काढली. लांबूनच दाखवली. खरंच छान दिसते. ती जाड शिशाच्या भांड्यात बंद करून नेली. गटाराच्या पलीकडे भिंतीबाहेर रिक्षावाले उभे असतात, त्यांची तपासणी झाली, कोणाला काही नाही. शहाडच्या म्हाताऱ्याचं गोदाम उघडून दिलं. मी त्याला भेटायला गेले. चूक माझी होती, असं सांगितलं. त्याने मला बसायला खुर्ची दिली आणि विचारलं की माझ्या सुनेला आता नळावर जाता येईल का. मी नळावर त्याच्या सुनेबरोबर उभी राहिले, हंडा भरेपर्यंत, सगळ्यांना दिसेल अशी.

१३ डिसेंबर, शनिवार

राजू ठेकेदार हॉस्पिटलात आला. मोसंबी घेऊन. महेंद्रला म्हणाला, "तुझं नाव कुठेच येणार नाही, मी बघून घेतलंय. कंपनी रिपोर्ट बनवतेय, त्यात अज्ञात कामगार लिहिणार. नाव नाय म्हणजे केस नाय. गप बस, बरा हो, कामावर ये."

महेंद्र म्हणाला, "आणि हॉस्पिटल?" राजू म्हणाला, "ते बघू." तो गेल्यावर महेंद्र बराच वेळ मोसंबीच सोलत होता, खाल्ली नाही.

मग मला म्हणाला, "शीला, मी दहावी शिकलोय. डब्यावर काही लिहिलेलं असतं तर मी वाचलं असतं. काही नव्हतं. नुसता करडा रंग."

मी मॅडमना सांगितलं. डब्याचं कापलेलं लोखंडी कवच अजून कंपनीच्या भंगाराच्या ढिगातच होतं. संध्याकाळी मॅडमचा फोन आला. त्यांनी थिनर लावून रंग पुसला. करड्याच्या खाली पिवळा रंग, त्यावर पंख्यासारखी काळी खूण, आणि खाली मराठीतसुद्धा लिहिलेलं आहे की उघडू नका. जागा विकायला काढली तेव्हा आवारातलं सगळं यंत्र एकसारखं करड्या रंगाने रंगवलं होतं, चांगलं दिसावं म्हणून.

१९ डिसेंबर, शुक्रवार

आज कंपनीच्या ऑफिसात बोलावलं होतं. मला सही करायला. महेंद्रला बोलावलं नव्हतं, तो आला. मांडीवर पट्टी आहे, बसता येत नाही, पण दिवसभराची सुट्टी मागून डॉक्टरांच्या मागे लागून आला. अक्षदा मॅडम होत्या, खात्याचे एक साहेब होते, ठोसर होता.

कागद तीन पानांचा. मी सगळा वाचला. ठोसर म्हणाला, ताई, शेवटच्या पानावर फक्त सही. मी म्हटलं, शाळेत सगळा धडा वाचायला लावायचे. दुसऱ्या पानावर लिहिलं होतं की डब्यावर धोक्याची सूचना स्पष्ट असताना एका अज्ञात कामगाराने निष्काळजीपणे तो कापला. चालकाच्या चुकीमुळे शोधाला विलंब झाला.

म्हटलं, दुसरं वाक्य खरं आहे, त्यावर मी सही करते. पहिल्यावर नाही. सूचना स्पष्ट नव्हती, रंगाखाली होती.

ठोसर मऊ झाला. म्हणाला, एमआयडीसीतल्या सगळ्या बंद कंपन्यांची अशी तपासणी होणार आहे, त्याचं काम कोणाला द्यायचं यात आमचाही शब्द चालतो. तुमच्या गटाला वर्षभर पुरेल. मी त्याला सांगितलं की ते काम हवंच आहे मला, आणि मी ते मागूनही घेईन, पण तुमच्या शब्दाने नाही.

मी दुसऱ्या पानाच्या कडेला लिहिलं: "डब्यावरची सूचना करड्या रंगाने झाकलेली होती. कवच तपासण्यात आले आहे." अक्षदा मॅडमनी त्याखाली त्यांची सही केली. खात्याच्या साहेबांनी चष्मा काढला, पुसला, आणि त्यांनीही केली. मग मी.

पेन ठेवणार तेवढ्यात महेंद्रने हात पुढे केला. मी पेन दिलं. तो उभ्यानेच टेबलावर वाकला. "अज्ञात कामगाराने" यातल्या अज्ञातवर त्याने एक सरळ रेघ मारली आणि वर लिहिलं, महेंद्र बबन रोकडे, गॅसकटर. पूर्ण नाव, वळणदार अक्षरात, रेघ न सोडता.

ठोसर म्हणाला, "अहो, तुमच्या भल्यासाठीच ठेवलं होतं ते. पोलीस विचारतील आता."

महेंद्र म्हणाला, "विचारू दे. डबा मी कापला, ते मी सांगणार. कोणी कापायला सांगितला, ते पण सांगणार. आणि हॉस्पिटलचं बिल तुमच्या कुठल्या पत्त्यावर पाठवायचं ते मला तुमच्याकडून पाहिजे. अज्ञात माणसाचं बिल कसं भरणार तुम्ही?"

मला भीती वाटत होती. अजून वाटतेय. पोलिसात काय होईल, पाय किती बरा होईल, याला पुन्हा कटर धरता येईल का, मला काही माहीत नाही. पण बारा वर्षांत मी त्याला एका दमात इतकं बोलताना ऐकलं नव्हतं.

निघताना महेंद्रने शिपायाकडे त्या तीन पानांची झेरॉक्स मागितली. शिपाई ठोसरकडे बघत म्हणाला, साहेबांना विचारावं लागेल. महेंद्र म्हणाला, "विचारा. तसं पण मला बसता येत नाय." आम्ही दोघं दारात उभे राहिलो. ठोसर फोनवर बोलत राहिला, मग जेवायला गेला, मग परत आला. सव्वा तास झाला. महेंद्रच्या कपाळावर घाम होता, मी त्याचा सगळा भार खांद्यावर घेतला होता, आणि चल म्हणायचं दोघांच्याही तोंडात आलं नाही. शेवटी शिपाई तीन पानं घेऊन आला. महेंद्रने दुसरं पान काढलं, त्यावरचं आपलं नाव नीट उमटलंय का ते बघितलं आणि मग म्हणाला, चल.